लाडू देता, मग अर्धा तास का देत नाही?



मागच्या आठवड्यात इथंच अर्धापुरात एका घरी बाळ बघायला गेले होते. बाळंतिणीच्या खोलीत कोनाड्यात चार डबे रांगेनं मांडलेले. डिंकाचे लाडू, मेथीचे लाडू, हाळिवाचे लाडू आणि दुकानातून आणलेला शतावरीचा एक डबा. आम्ही सात-आठ बाया सतरंजीवर गप्पा मारत बसलेलो. ती पोरगी सारखी घड्याळाकडं बघत होती आणि पदर पुढं ओढत होती. पदर ओला झाला होता. माझ्या ते लगेच लक्षात आलं, कारण वर्षभर आमच्या घरात मी हेच बघितलं आहे. दूध काढायचं मशीन तिच्या उशाशी पिशवीत होतं, पण एवढ्या बायांसमोर ते काढायचं कसं, आणि उठून जायचं तरी कुठं? तेवढ्यात तिला भूक लागली. ओसरीवर केळ्यांचा घड टांगलेला होता. "एक केळं द्या ना," म्हणाली. तर सगळ्या एका सुरात, "केळं नको गं माय, लेकराला सर्दी होईल!"

अर्धापुरात राहून केळं नको! इसापूरच्या पाण्यावर पिकलेलं आपलं केळं ट्रकच्या ट्रक भरून बाहेर जातं. बटाटा चालत नाही म्हणून आपण जैन बाया कच्च्या केळ्याची भाजी करतो, वेफर करतो. आणि घरात जिला सगळ्यात जास्त भूक लागते, तिलाच पिकलं केळं बंद. आईनं खाल्लेल्या केळ्यानं बाळाला सर्दी होत नाही, बायांनो. सर्दी विषाणूनं होते, आणि त्या दिवशी तो विषाणू बाळाचा मुका घेणाऱ्या आमच्यापैकीच कुणाकडून तरी जाण्याची शक्यता जास्त होती.

आपण बाळंतिणीला चार प्रकारचे लाडू देतो आणि दर अडीच-तीन तासांनी लागणारा अर्धा तास मात्र देत नाही. दाराला आतून कडी असलेली खोली देत नाही. मग दूध कमी पडलं की म्हणतो, "हिला दूधच नाही." आजचा माझा राग यावर आहे, आणि तो आधी माझ्यावरच आहे.

मी बी.कॉम. आहे. डॉक्टरकीतलं मला फारसं कळत नाही, पण मागणी आणि पुरवठा कळतो. आमच्या सुनेच्या बाळंतपणात नर्सबाईंनी समजावलं तेव्हा मला वाटलं, अरे, हा तर आपलाच विषय! छातीतून दूध जेवढं बाहेर निघतं तेवढं नवं तयार होतं. ते आतच साठून राहिलं की शरीराला निरोप जातो, माल पडून आहे, कारखाना हळू चालवा. बाळानं ओढलं काय, हातानं पिळून काढलं काय, मशीननं काढलं काय, निरोप तोच. लाडू हा कच्चा माल झाला. गोदाम रिकामंच केलं नाही तर कच्चा माल कितीही ओता, उत्पादन वाढत नाही.

आमचा नातू तेहतिसाव्या आठवड्यात झाला. नांदेडला काचेच्या पेटीत अठरा दिवस होता. त्याला ओढायची ताकद नव्हती, म्हणून सुनेला पहिल्या दिवसापासून दूध काढून द्यावं लागलं. दिवस-रात्र धरून आठ वेळा तरी काढायचं, एकदाही पाच तासांची सुट्टी घ्यायची नाही, असं तिला सांगितलं होतं. पहिल्या दिवशी निघालं ते चमच्याभर चीक. मी तोंड वाकडं केलं. "एवढंच?" म्हणाले. तो चमचा म्हणजे त्या इवल्या जिवाची पहिली लस होती, हे मला नंतर कळलं. आपल्या आज्या तर चीक पिळून टाकून द्यायला लावायच्या.

आणि मी दुसरी चूक केली ती मायेपोटी. रात्री दोनचा गजर झाला की मीच तो बंद करायची. झोपू दे बिचारीला, सकाळी लाडू खाईल आणि दूध येईल. चार रात्री असं केलं. पाचव्या दिवशी दूध निम्म्यावर आलं आणि मी घाईनं शतावरी आणायला माणूस पाठवला! दूध तयार करायला लावणारं जे संप्रेरक असतं, प्रोलॅक्टिन, ते रात्री जास्त असतं. म्हणजे मी नेमका सगळ्यात कमाईचा वेळ बंद करत होते. नर्सबाई माझ्यावर रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "आजी, तिला दिवसा झोपवा. स्वयंपाक तुम्ही करा, पाहुणे तुम्ही सांभाळा. रात्रीचा गजर मात्र राहू द्या."

पान्हा फुटणं म्हणजे काय, हे आपल्या भाषेत पहिल्यापासून आहे. बाळ आठवलं, त्याचा वास आला, रडणं ऐकू आलं की पान्हा फुटतो. भीती, लाज, दुखणं, घाई असली की तो अडतो. पेटीतल्या बाळाची आई मशीन लावून बसली आहे आणि दाराबाहेरून कुणी विचारतं आहे, "किती निघालं गं?" तिथं पान्हा कसा फुटेल? आमच्या सुनेनं बाळाचं एक झबलं न धुता उशाशी ठेवलं होतं. ते हुंगायची, थोडं कोमट फडकं लावायची, हलक्या हातानं छाती चोळायची, मग मशीन लावायची. मधे मधे हातानं दाबायची. मशीनच्या तोंडाशी जे नळकांडं असतं ते मापाचं नसेल तर दुखतं आणि दूधही कमी निघतं. तिचं मोठं होतं, बदलून आणलं. हा साधा बदल कुठल्याही लाडवापेक्षा जास्त कामाला आला.

मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आईच्या दुधाची पेढी सुरू केली. आशियातली ती पहिली. ज्या आयांना जास्त दूध येतं त्यांचं काढून घ्यायचं, तपासून, साडेबासष्ट अंशांवर अर्धा तास तापवून ठेवायचं आणि कमी दिवसांच्या, आजारी बाळांना द्यायचं. हे काम तिथं तेव्हापासून चालू आहे. म्हणून "काढून दिलेलं दूध म्हणजे काही खरं नाही," असं कुणी म्हटलं की मी सायनचं नाव घेते. वाटी-चमच्यानं पाजलेल्या दुधावर लेकरं जगली आहेत, वाढली आहेत.

आता माझी गोष्ट. १९८४ साली माझी पहिली मुलगी झाली. तिसऱ्या दिवशी दवाखान्यातल्या बाईनं सांगितलं, दूध पुरत नाही, पावडरचा डबा आणा. तेव्हा अशा डब्यांच्या जाहिरातींना आळा नव्हता, तो कायदा १९९२ साली आला. डब्याच्या दुधानं पोर तीन-चार तास गाढ झोपायची, मी भरलेली छाती घेऊन बसायची. काढून टाकावं हे कुणी सांगितलं नाही. दोन महिन्यांत दूध आटलं. सासूबाई देवमाणूस होत्या, पण येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "हिच्या अंगातच दूध नाही." मी ते चाळीस वर्षं खरं मानलं. नर्सबाईंचा हिशेब ऐकला त्या रात्री नांदेडच्या दवाखान्याच्या बाकावर बसून मी रडले. माझ्या अंगात दूध होतं. ते कुणी काढू दिलं नाही.

आणि तरी माझ्या सुनेच्या दुसऱ्याच दिवशी मी म्हणाले होते, "आमच्या घराण्यात दूध कमीच असतं."

पावडरचा डबा म्हणजे विष, असं मात्र मी म्हणणार नाही. थायरॉइड, खूप रक्तस्राव, आत राहिलेला वारेचा तुकडा, अशी कारणं असतात आणि खरोखर दूध कमी पडतं. बाळाचं वजन वाढत नाही, आठवड्यानंतरही दिवसात सहापेक्षा कमी दुपटी ओली होतात, तर डॉक्टर सांगतील ते द्यायचं आणि लाज वाटून घ्यायची नाही. पण दुपटी न मोजता, वजन न करता, बाळ रडतंय एवढ्यावरून "दूध पुरत नाही" हा निकाल देणं आपण सासवांनी बंद करावं.

खाण्याचं सांगते, कारण त्यावरच आपला सगळा भर असतो. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था म्हणते की पहिले सहा महिने दूध पाजणाऱ्या बाईला रोज ६०० कॅलरी जास्त लागतात. म्हणजे नेहमीच्या जेवणावर ज्वारीच्या दोन भाकरी, वाटीभर घट्ट वरण आणि दोन केळी. हो, केळी! लाडवानंही कॅलरी भरतात, एका मोठ्या डिंकाच्या लाडवात दोनशेच्या आसपास सहज असतील. हाळिवात लोह असतं, तिळात कॅल्शियम असतं, शेपू-मेथी-करडईची भाजी उत्तम. मी लाडवांच्या विरोधात नाही, मीच दोन किलो वळले होते. लाडू आईसाठी आहेत. तिची झालेली झीज भरून निघावी, तिला ताकद यावी म्हणून. दूध वाढवायचं औषध म्हणून ते तिच्या तोंडात कोंबू नका. मेथी, शतावरी, बाळंतशेपा यांच्यावर अभ्यास झाले आहेत. २०२० साली कॉक्रेन नावाच्या संस्थेनं ते सगळे एकत्र तपासले, तेव्हा खात्रीनं फायदा होतो असं म्हणण्याजोगा भक्कम पुरावा निघाला नाही. मेथी जास्त झाली तर जुलाब होतात, साखरेची गोळी चालू असेल तर साखर उतरू शकते. पाणीही तहानेपुरतं. तांब्यावर तांबे प्यायल्यानं दूध वाढत नाही, पोट फुगतं. फक्त दूध काढायला बसताना शेजारी भरलेला तांब्या हवा, कारण तेव्हाच तहान लागते.

शेजारच्या एका ताईंनी सुनावलं होतं, "तुम्ही लसूण खात नाही ना, म्हणून तुमच्या सुनांना दूध नसतं." पिढ्यान्‌पिढ्या लसूण न खाता आपली लेकरं काय हवेवर वाढली? उलट आपल्या बायाही विचित्र. शतावरी हे मूळ आहे, मग ती कंदमुळात येते का, सुंठीसारखी वाळवलेली म्हणून चालते का, त्या अवलेहात मध तर नाही ना, यावर आमच्या मंडळात पाऊण तास चर्चा झाली. मला ती चर्चा आवडली, आपण डोळे मिटून खात नाही. पण त्या पोरीला शतावरीची गरज आहे का, हे त्या पाऊण तासात एकीनंही विचारलं नाही.

ज्याची खरी चर्चा व्हायला हवी ते आहे जीवनसत्त्व बी-१२. आपण शाकाहारी, आणि हे जीवनसत्त्व भाजीपाल्यात, डाळीत नसतं. दूध-दह्यातून थोडं मिळतं, तेही पुष्कळ जणींना पुरत नाही. आईच्या अंगात ते कमी असेल तर तिच्या दुधातही कमी उतरतं. मग दूध भरपूर असूनही बाळ सुस्त होतं, हसायचं-बघायचं कमी करतं, हातपाय थरथरतात, शिकलेलं विसरतं. हा आजार भारतात शाकाहारी आयांच्या अंगावर पिणाऱ्या बाळांमध्ये डॉक्टरांना वर्षानुवर्षं दिसत आला आहे. दिवस गेल्यापासूनच बी-१२ आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. जिलेटिनची कॅप्सूल नको असेल तर डॉक्टरांना तसं सांगा, गोळी मिळते, इंजेक्शन मिळतं. आपला आहार सोडायची काही गरज नाही, पण ही गोळी टाळू नका.

आता जे लिहिणार आहे त्यावर मला फोन येतील. येऊ द्या.

नातू श्रावणात झाला आणि भाद्रपदात दशलक्षण पर्व आलं. एका नातेवाईक बाईंनी सुनेला फोन केला, "दहा उपवास नाही जमणार, पण अनंत चतुर्दशीचा एक निर्जळी तरी कर, बाळाच्या नावानं." पोरगी भावनेच्या भरात आम्हाला न सांगता करून बसली. संध्याकाळी मशीन लावून बसलेली असताना चक्कर येऊन पलंगावर आडवी झाली. एका दिवसाच्या उपासानं दूध आटत नाही, हे खरं. शरीर आईच्या हाडामांसातून काढून बाळाला देतच राहतं. पण म्हणूनच मला राग येतो. दूध येतंय म्हणजे सगळं ठीक आहे असं नसतं, तिच्यातून ओढलं जात असतं.

सोळाकारण भावनांमध्ये शक्तितस्तप आहे. तप शक्तीप्रमाणे. नुकती बाळंत झालेल्या, रात्री दोनदा उठणाऱ्या बाईची शक्ती किती, हे फोनवरची बाई ठरवणार का? आणि अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात आहेत, आपण पाठशाळेत पाठ केले आहेत. त्यात अतिभारारोपण आहे आणि अन्नपाननिरोधही आहे. जो आपल्यावर अवलंबून आहे त्याच्यावर झेपणार नाही एवढं ओझं लादणं, त्याचं अन्नपाणी अडवणं. आपण हे गाई-बैलांना लावतो, त्यांना चारा-पाणी वेळेवर देतो. सुनेला लावायला काय हरकत आहे? रात्री दोन वाजता दूध काढून झाल्यावर तिला भूक लागली तर तिनं खावं. चौविहार मी पाळते, माझी रात्र गजराशिवाय जाते म्हणून.

दुसरा आक्षेप मर्यादेचा. काढलेलं दूध ४८ मिनिटांच्या आत गाळून उकळलं नाही तर ते अभक्ष्य, मग आईचं दूध फ्रिजमध्ये कसं ठेवता? उकळून तरी ठेवा, असंही एकीनं सुचवलं. उकळलं तर रोगाशी लढणारं त्यातलं पुष्कळ काही नष्ट होतं. स्वतःच्या तंदुरुस्त बाळासाठी घरी काढलेलं दूध उकळायचं नसतं. पेढीत तापवतात कारण तिथं एकीचं दूध दुसरीच्या बाळाला जातं. आणि मर्यादा ही गाई-म्हशीच्या दुधाची, ती पाळणाऱ्या मोठ्या माणसासाठी. दीड किलोच्या बाळानं कुठलं व्रत घेतलं आहे? कारखान्यात केव्हा तयार झाला ते कुणाला माहीत नाही असा पावडरचा डबा ज्या घरात बिनतक्रार चालतो, त्या घरात आईच्याच दुधाला मर्यादा विचारायची, हे माझ्या पचनी पडत नाही.

शुद्धता पाळायचीच आहे ना? मग इथं पाळा. हात साबणानं धुवा, मशीनचे दुधाला लागणारे भाग दर वेळी धुवा, दिवसातून एकदा उकळून घ्या. दूध साध्या हवेत चार तास चालतं असं सांगतात, पण ते २५ अंशांचं गणित आहे. मे महिन्यात आपल्याकडं पारा चाळिशीच्या वर असतो, त्यामुळं काढलं की थेट फ्रिजमध्ये, दारात नाही, आत मागच्या बाजूला. चार दिवसांत संपवायचं. बर्फाच्या कप्प्यातलं एकदा वितळलं की पुन्हा गोठवायचं नाही. कोमट पाण्याच्या भांड्यात बाटली धरून गरम करायचं. लाईट गेली की फ्रिज उघडायचा नाही, हे मी नातवाच्या आजोबांना दहा वेळा सांगितलं आहे. प्रत्येक बाटलीवर मी तारीख-वेळेची पट्टी लावते आणि जुनी बाटली आधी. कॉमर्सला साठ्याच्या हिशेबात शिकले होते, आधी आला तो आधी गेला. चाळीस वर्षांनी पदवी अशी कामी आली.

सून नांदेडला बँकेत आहे. २०१७च्या दुरुस्तीनं २६ आठवड्यांची रजा आली, ती तिला मिळाली. १९६१च्या मूळ कायद्यापासूनच बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोनदा पाजायला सुट्टी आहे. पण बाळ अर्धापुरात आणि आई नांदेडात, तर त्या सुट्टीत ती काय करणार? दूधच काढणार. कुठं काढणार? सुरुवातीला जुन्या फायलींच्या खोलीत, दाराला पाठ लावून, कारण आतून कडी नव्हती. मग तिनं आणि आणखी एकीनं मिळून अर्ज दिला, कडी बसली. बर्फाच्या पिशव्यांच्या डब्यात ती दूध घरी आणते आणि मी ते दुसऱ्या दिवशी नातवाला वाटीनं पाजते. आता तो वरण-भात खातो, तरी दूध आहेच.

बँकेत कडी बसली, पण आपल्या मंगल कार्यालयात अजून नाही. पंचकल्याणकाला, लग्नाला, चातुर्मासाच्या कार्यक्रमाला पाचशे बाया येतात, त्यात दहा-पंधरा तरी अंगावर पाजणाऱ्या असतात. त्या बाथरूमच्या ओल्या कोपऱ्यात उभ्या राहून दूध पिळून मोरीत सोडतात. मी मंडळाच्या खजिनदारांना सांगितलं, चप्पल ठेवायची खोली रिकामी करा. एक खुर्ची, एक प्लग, आतून कडी, पाण्याचा माठ. "बघू," म्हणाले. कडीचे पैसे मी देते म्हटलं, तरी "बघू." पुढच्या रविवारी दुपारी चारला बैठक आहे. मी पहिल्या रांगेत बसणार आहे. तुमच्या सुनांना घरी आराम करू द्या, तुम्ही या.